एकाच मळ्याच्या तीन कॉफ्या पावसाळ्यात एकसारख्या का लागल्या?

रत्नागिरीहून आरे-वारेच्या बाजूने गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जोडप्याने आपल्या जुन्या घराच्या पडवीत कॉफीचं दुकान थाटलं आहे. बायको दाणे भाजते, नवरा गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळतो. भाजायचं यंत्र एका वेळी जेमतेम किलोभर दाणे घेणारं. मेन्यूवर कॉफ्या तीनच, आणि तिन्ही कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या एकाच मळ्यातल्या. जातही एकच, एस-७९५. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४०च्या दशकात मळेवाल्यांच्या हाती दिलेली आणि अजूनही दक्षिणेतल्या डोंगरांवर टिकून असलेली. उतार तोच, तोडणीचा हंगाम तोच. पहिल्या गोणीतले दाणे फळं सोलून, आंबवून, धुऊन वाळवलेले. दुसऱ्या गोणीतले सोललेले, पण अंगचा चिकटा तसाच ठेवून वाळवलेले. तिसरीतली फळं अख्खी, सालीसकट वाळवलेली आणि मग फोडलेली. धंद्याच्या भाषेत वॉश्ड, हनी आणि नॅचरल.

दुकानाचं आकर्षण हेच होतं. फळीवर तीन छोटे कप मांडून द्यायचे, काळी कॉफी, दूध-साखर नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की झाड एकच आहे, चव किती वेगळी आहे बघा. फेब्रुवारी ते मे हे उत्तम चाललं. मुंबई-पुण्याचे पर्यटक फोटो काढायचे. गावातली माणसं, ज्यांच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ-वेलची घातलेली, तीही कुतूहलाने चाखून जायची. वॉश्डला संत्र्याच्या सालीसारखा स्वच्छ आंबटपणा होता. हनी गोलसर, गुळमट. नॅचरलचा कप नाकाशी नेला की पिकल्या बरक्या फणसाची आठवण यायची. हे शेवटचं वर्णन गिऱ्हाइकांनीच दिलेलं होतं. मळेवाल्याच्या चिठ्ठीवर त्याऐवजी स्ट्रॉबेरी लिहिलेली होती.

ऑगस्टमध्ये मला फोन आला. मी कॉफी चाखण्याचं काम करते, आणि या दोघांना दाणे निवडताना मदत केली होती. "ताई, तिन्ही एकच लागतात हो," ती म्हणाली. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने तर तोंडावर सांगितलं होतं की एकाच किटलीतून तीन कप भरता आणि पैसे तिघांचे घेता.

आधी कोणावर संशय गेला

तिचा पहिला संशय पाण्यावर. दुकानाचं पाणी घरच्या विहिरीचं, जांभ्यातलं. पावसात विहीर काठोकाठ भरते, पाणी पातळ होतं, त्यातले क्षार कमी होतात. संशय रास्त होता, कारण कपातलं बहुतेक सगळं पाणीच असतं आणि क्षार कमी-जास्त झाले की कॉफीतून काय उतरतं तेही बदलतं. तिने बाटलीबंद पाण्यावर करून पाहिलं. फरक नाही. मग दळायचं यंत्र उघडून साफ केलं. तरी फरक नाही.

खरा धागा नवऱ्याच्या वहीत सापडला. तो दर भाजणीला कच्चं वजन आणि भाजलेलं वजन लिहून ठेवतो, आणि जुलैपासून त्याचा हिशेब जमत नव्हता. मध्यम भाजलेल्या कॉफीचं वजन साधारण १४ ते १६ टक्क्यांनी घटतं, म्हणजे किलोमागे साडेआठशे ग्रॅमच्या आसपास हाती येतात. त्याच्या वहीत ही घट आठवड्यागणिक वाढत गेलेली होती. त्याला वाटलं तराजू बिघडला. बायकोच्या भाजणीच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा दुसरी गोष्ट दिसली: दाणा हिरव्याचा पिवळा व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत होता. तिने तेवढ्यापुरती आच वाढवून वेळ सांभाळली होती, म्हणून एकूण भाजणी सारखीच दिसत होती. भाजणीचा पहिला टप्पा हा मुळात दाण्यातलं पाणी उडवण्याचा असतो. तो लांबला आणि शेवटी वजन जास्त घटलं, याचा अर्थ दाण्यात पाणी जास्त होतं.

चवीची तक्रार जमाखर्चाच्या वहीत आधी उमटली, हे मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. जीभ रोज थोडी थोडी बदलणाऱ्या चवीला सरावते. ती रोज सकाळी तिन्ही कप चाखत होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला पहिल्या घोटात कळलं.

सहा कप

अंदाज खरा की खोटा हे ठरवायला तुलना हवी होती. सुदैवाने मळेवाल्याने तिन्ही मालांचा थोडा थोडा वाटा स्वतःकडे राखला होता, आणि तोही न फोडता. वॉश्ड आणि हनी कडक टरफलात, नॅचरल वाळल्या फळातच. आम्ही मागितल्यावर त्याने ते फोडून, हवाबंद पिशव्यांत कुरिअरने पाठवले. रत्नागिरीतले तीन आणि मळ्यावरचे तीन, सगळे एकाच दिवशी, एकाच पद्धतीने हलके भाजले आणि दुसऱ्या दिवशी चाखले. चाखण्याची रीत जगभर वापरतात तीच: १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरड दळलेली कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडायची, फेस काढायचा आणि निवत जाईल तसतसं चमच्याने ओढून प्यायचं. कपांवर फक्त आकडे. कोणता कप कुठला, हे नवऱ्याला माहीत, आम्हा दोघींना नाही.

मळ्यावरच्या तिन्ही वेगळ्या ओळखू आल्या, अगदी निर्विवाद. वॉश्डचा आंबटपणा जानेवारीइतका धारदार नव्हता, पण होता. रत्नागिरीच्या तिघींपैकी एकीचीही प्रक्रिया मला छातीठोकपणे सांगता आली नाही. एकात किंचित फळाचा वास शिल्लक होता म्हणून नॅचरल असावी, असं मी लिहिलं. ते बरोबर निघालं, पण तो वास आता ताज्या फणसाचा राहिला नव्हता. झाडाखाली पडून आंबलेल्या काजूच्या बोंडूंचा होता. तिन्हींच्या तळाशी तीच एक मातकट, पुठ्ठ्यासारखी, गोणपाटाची चव.

आता प्रश्न असा की मुळात त्या तिघी वेगळ्या कशामुळे झाल्या होत्या. ते कळल्याशिवाय पुसलं काय गेलं, ते कळत नाही.

वेगळेपण येतं कुठून

कॉफीचं फळ बोराएवढं. वर लाल साल, तिच्याखाली थोडासा गोड गर, मग बीला घट्ट चिकटलेला बुळबुळीत थर, मग कडक टरफल ज्याला मळ्यावर पार्चमेंट म्हणतात, त्याखाली चंदेरी पापुद्रा, आणि आत समोरासमोर बसलेले दोन दाणे. आपण पितो ते हे बी. फळ आपण पीत नाही. तरीही फळाचं काय केलं यावर बीची चव ठरते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं.

वॉश्डमध्ये तोडणीच्या दिवशीच पल्परमधून, म्हणजे फळं सोलायच्या यंत्रातून, साल आणि गर काढतात. चिकटा उरतो, तो पाण्याने निघत नाही, कारण त्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा चिकट पदार्थ असतो. मग दाणे टाकीत ठेवतात. यीस्ट आणि जिवाणू साधारण १२ ते ३६ तासांत तो चिकटा सैल करतात. डोंगरात थंडी जास्त असेल तर वेळ वाढतो. हातात घेतल्यावर दाणे खडबडीत लागले, घसरेनासे झाले, की धुवायचे आणि टरफलासकट वाळवायचे, दाण्यातलं पाणी १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत. भारतात अशा अरेबिकाला (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांतला हा एक, एस-७९५ त्यातलीच; दुसरा रोबस्टा) बाजारात प्लान्टेशन म्हणतात आणि अख्ख्या फळात वाळवलेलीला चेरी. यादीत अरेबिका चेरी दिसली तर त्यात दुसरं कुठलं फळ मिसळलेलं नाही, एवढं गिऱ्हाइकांना सांगून सांगून ती दोघं थकली होती.

नॅचरलमध्ये काहीच काढायचं नाही. पिकलं फळ जाळीच्या माचांवर किंवा ओट्यावर पातळ पसरायचं आणि दिवसातून अनेकदा हलवत राहायचं. सुकायला दोन ते चार आठवडे लागतात. एवढ्या काळात सालीच्या आत साखरेवर यीस्ट काम करत राहतं, मद्यार्क बनतं, आम्लं बनतात, आणि त्यांच्या संयोगातून फळांसारखे वास देणारी एस्टर्स तयार होतात. स्ट्रॉबेरी म्हणा, फणस म्हणा, तो वास तिथून. थर जाड झाला, ढग आले, हलवायला आळस झाला, की तेच काम पुढे जाऊन व्हिनेगर आणि कुजका वास. चिकमगळूरला अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, हवा कोरडी, म्हणून हे जमतं.

इथे एक सर्रास सांगितली जाणारी गोष्ट खोडायला हवी. नॅचरल गोड लागते कारण फळातली साखर वाळताना बीमध्ये झिरपते, असं कॉफीच्या पाकिटांवरही छापलेलं असतं. ऐकायला पटतं. पण जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी दोन्ही प्रकारांच्या कच्च्या दाण्यांतली साखर मोजली, तेव्हा मुख्य साखर, म्हणजे सुक्रोज, दोन्हींत जवळजवळ सारखीच निघाली. फरक होता तो ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये. या दोन्ही वॉश्डमध्ये बऱ्याच कमी होत्या. कारण बी जिवंत असतं. फळ सोलून पाण्यात ठेवलं की त्याला रुजायची वेळ झाली असं वाटतं आणि ते स्वतःची साखर खर्चायला लागतं. अख्ख्या फळात वाळणाऱ्या बीला उलट दुष्काळ जाणवतो, आणि त्या ताणात त्यात गॅबा नावाचं अमिनो आम्ल साठत जातं. म्हणजे दोन्ही दाणे ओट्यावरून उचलले तेव्हाच आतून वेगवेगळे झालेले असतात, आणि भाजताना त्यांतून वेगवेगळी चव उमलते. भात रुजत घालणाऱ्या माणसाला यातलं निम्मं सांगावं लागत नाही.

हनी या दोन्हींच्या मधली. साल काढायची, चिकटा ठेवायचा, त्यासकट वाळवायचं. ब्राझीलमध्ये याच्या जवळचा प्रकार पल्प्ड नॅचरल या नावाने चालतो. कोस्टारिकात चिकटा किती ठेवला आणि किती सावलीत, किती सावकाश वाळवलं यावरून पिवळी, लाल, काळी अशी नावं पडली आहेत. मध नसतो, चिकट्यामुळे दाणे मधात बुडवल्यासारखे एकमेकांना चिकटतात एवढंच. मेहनत तिन्हींत जास्त, कारण गोळे होऊ न देता हलवत राहावं लागतं.

हल्ली याच्या पुढचे प्रकार आले आहेत. बंद पिंपात हवेविना आंबवलेल्या कॉफ्या तर २०१५ नंतर खूप बोकाळल्या. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या साशा शेस्टिचने कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत आंबवलेली कॉफी घेऊन बरिस्तांची, म्हणजे दुकानात कॉफी बनवणाऱ्यांची, जागतिक स्पर्धा जिंकली होती. या दोघांनीही तशी एक गोणी घ्यावी का, असं मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्यातल्या बऱ्याच कॉफ्या जातीची आणि डोंगराची चव दाबून टाकतात आणि दालचिनीचं च्युइंगगम चघळल्यासारख्या लागतात, हे माझं मत. कोणाला आवडत असेल तर जरूर प्यावी.

या सगळ्या पद्धतींत समान धागा पाण्याचा आहे. बीमधलं पाणी किती वेगाने गेलं आणि जाताना बीभोवती काय होतं, यावर चव ठरली. आणि ते पाणी गेलेलं राहिलं, तरच ती चव टिकते.

माळ्यावर काय झालं

आगोटीच्या वेळी, मे महिन्याच्या शेवटी, त्यांनी चार महिन्यांचा माल एकदम भरला होता. पावसात घाट बंद पडतात, ट्रक अडकतात, म्हणून बेगमी. विचार चुकीचा नव्हता. दाणे तागाच्या गोण्यांत आले होते, ते तसेच माळ्यावर चढवले. आत्या, नवऱ्याच्या, त्यांनी आपले पापड, सांडगे आणि सुकट घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून वर कापड बांधलं होतं. त्यांच्या डब्यांच्या शेजारी ही कॉफी, श्वास घेणाऱ्या गोणपाटात.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. कच्चा कॉफी दाणा भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव करत राहतो. हवा ६०-६५ टक्के आर्द्र असेल तर तो ११-१२ टक्क्यांवर स्थिर राहतो. ८० च्या पुढे गेली की दाणा पंधरा आणि त्याहून वर चढतो. तिच्याकडे पाणी मोजायचं यंत्र नव्हतं. मी नेलेल्या यंत्रावर तिन्ही गोण्या मर्यादेच्या बऱ्याच वर दाखवत होत्या. दाण्यांचा निळसर हिरवा रंग उडून कडा पांढुरक्या पडल्या होत्या.

दाणे सादळले की नुसतं वजन वाढून थांबत नाही. जिवंत बी पुन्हा थोडं जागं होतं, श्वसन करतं, साठा खर्चतं आणि मग मरतं. बीमधली मेदद्रव्यं हवेने बिघडायला लागतात. आम्लं कमी होतात. वॉश्डचं सगळं सौंदर्य त्या स्वच्छ आंबटपणात होतं. तो गेला आणि दाखवायला दुसरं काही उरलं नाही. हनीचा गोडवा पुठ्ठ्यासारखा पडला. नॅचरलचा वास दणकट म्हणून तो सगळ्यात जास्त दिवस टिकला, आणि म्हणूनच दोघांना बरेच दिवस वाटत राहिलं की निदान एक तरी कॉफी ठीक आहे. तीन वाटांनी आलेल्या तिघी एकाच ठिकाणी येऊन पोचल्या, कारण शेवटची प्रक्रिया तिघींवर एकच झाली होती. ती रत्नागिरीच्या हवेने केली.

मळ्यावरचे नमुने का वाचले, यात दोन गोष्टी आहेत. एक, घाटावरच्या गोदामातली हवा. दुसरी, टरफल. त्याच ब्राउनश्वाइगच्या मंडळींनी दाखवलं होतं की टरफलात ठेवलेलं बी फोडून ठेवलेल्या बीपेक्षा जास्त काळ जिवंत राहतं. आमच्या तिन्ही गोण्या चिकमगळूरहून निघायच्या आधीच फोडलेल्या होत्या. वजनाला भाडं पडतं, टरफलाचं भाडं कोण देणार?

आत्यांचा सल्ला होता की ऊन पडलं की अंगणात पसरा, दोन उन्हं दाखवली की होईल ठीक. पाणी त्याने कमी झालंही असतं. गेलेली चव परत आली नसती.

"मग हीच विकू या की"

नवऱ्याने इथे जो मुद्दा मांडला तो हुशारीचा होता, आणि त्यावर आमचा एक अख्खा दुपारचा वाद झाला. याच किनाऱ्यावर, खाली मंगळुरूला, लोक मुद्दाम कॉफीला पावसाळी हवा खाऊ घालतात आणि जगभर विकतात. मग आपली सादळलेली कॉफी "कोकण मान्सून" म्हणून का विकू नये?

मान्सून्ड मलबारची, म्हणजे मंगळुरूच्या त्या कॉफीची, गोष्ट त्याने बरोबर सांगितली होती. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोचायला महिनोन्‌महिने लागायचे, लाकडी जहाजांच्या तळाशी खारी दमट हवा खाऊन दाणे फुगायचे, पिवळे पडायचे, त्यांचा आंबटपणा मरून जड, मातकट चव यायची. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव मिळेनाशी झाली. तेव्हापासून ती चव किनाऱ्यावरच्या गोदामांत बनवायला लागले. २००७-०८ मध्ये मान्सून्ड मलबार अरेबिका आणि रोबस्टा, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं.

पण ती बनते कशी ते बघितलं की आपल्या माळ्याशी तिचं साम्य संपतं. तिथे सुरुवातच अख्ख्या फळात वाळवलेल्या, निवडलेल्या चेरी दाण्यांपासून होते. जूनमध्ये उघड्या बाजूंच्या, वारा खेळेल अशा गोदामांत दाणे चार ते सहा इंच थरात पसरतात आणि सतत हलवतात. मग गोण्यांत सैलसर भरून अंतर ठेवून रचतात, वारा सगळ्या बाजूंनी फिरावा म्हणून. ठरावीक दिवसांनी गोण्या रिकाम्या करून पुन्हा भरतात, जागा बदलतात. असं तीन-चार महिने. शेवटी दाणे पुन्हा वाळवतात, किडीचा बंदोबस्त करतात, हाताने निवडून न फुगलेले दाणे काढून टाकतात. जो दाणा बाहेर येतो तो फिकट सोनेरी, जवळजवळ दुप्पट फुगलेला. माळ्यावर एकावर एक रचलेल्या बंद गोणीत वरच्या दाण्याला हवा मिळते, तळाच्या दाण्याला मिळते ती उबट ओल.

ही ओल आमच्याकडे खरीच होती. नॅचरलच्या गोणीच्या तळाशी दाण्यांचे गोळे झाले होते आणि त्यांवर पांढरी झाक. तो भाग तिने त्याच दिवशी फेकून दिला, आणि त्यावर वाद झालाच नाही. कॉफीवर वाढणाऱ्या काही बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष सोडतात आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. चवीची चर्चा बुरशी नसलेल्या मालाची.

नवरा तरी अडून होता. नाव आपण वेगळं देऊ, मलबार म्हणणारच नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला दोन गोण्यांतले दाणे शेजारी पसरून दाखवले. एका मुठीत फुगलेले, अर्धवट फुगलेले आणि जसेच्या तसे, तिन्ही तऱ्हेचे दाणे होते. असे दाणे यंत्रात एकत्र घातले की काही करपतात तेव्हा काही अजून शिजतच असतात. मान्सून्डची जड, गोडसर, मसालेदार चव एकसारख्या फुगलेल्या दाण्यातून येते. शिवाय ज्यांना मे महिन्यात वॉश्डचा कप दिला त्यांनाच ऑगस्टमध्ये हा कप नवं नाव लावून दिला, तर तो नेहमीचा गिऱ्हाईक म्हणाला त्यात आणि यात फरक काय राहिला? यावर बायको पहिल्यांदा बोलली. "अरे, तो पुन्हा आला तर तोंड कोण दाखवणार? मीच ना."

पुढे काय केलं

उरलेला चांगला माल टाकून देण्याएवढी ऐपत नव्हती. तो मंद आचेवर सुरुवात करून जरा गडद भाजला आणि दुधाच्या कॉफीला वापरला. गडद भाजणी, दूध, साखर आणि जायफळ यांच्यापुढे पुठ्ठ्याची चव बरीचशी लपते. फळीवर "घरगुती दुधाची कॉफी" एवढंच लिहिलं आणि दर कमी ठेवला. ती इतकी खपली की काही पर्यटक जाताना तिचे दाणे मागू लागले. गावातल्या मंडळींनी तर ही खरी कॉफी असं जाहीरच केलं. मला गंमत वाटली. तिला फारशी नाही.

तीन कपांची फळी ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवली.

नव्या हंगामापासून व्यवहार बदलला. मळेवाल्याने माल चिकमगळूरलाच टरफलात आणि वाळल्या फळात ठेवायचा, मागणी येईल तशी फोडून पाठवायची. भाडं किलोमागे वाढलं, कारण पार्सलं लहान आणि वारंवार. हवाबंद प्लास्टिकच्या अस्तराशिवाय दाणा घाट उतरायचा नाही, ही अट. पोचल्यावर पिशवी फोडली की उरलेले दाणे किलो-किलोच्या निर्वात पाकिटांत. माळा बंद, दाणे आता भाजायच्या खोलीत, जमिनीपासून उंच फळीवर, आणि शेजारी हवेची आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. पाणी मोजायचं यंत्र तिने घेतलं, आणि नवऱ्याने आपल्या वहीत त्याच्यासाठी एक रकाना वाढवला.

सगळा माल उन्हाळ्यातच भाजून साठवून ठेवायचा का, हाही पर्याय निघाला होता. तो लगेच बाद केला. भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा लवकर शिळा होतो, आणि दमट हवेत तर आणखी लवकर.

पुढच्या जूनमध्ये फळीवर दोनच कप आले. एक वॉश्ड, निर्वात पाकिटातली. दुसरी मंगळुरूहून मागवलेली खरी मान्सून्ड मलबार. ही कल्पना नवऱ्याचीच, आणि आदल्या वर्षीच्या त्याच्या हट्टातून निघालेली. एकीतून पाऊस पूर्ण बाहेर ठेवलेला, दुसरीत तो मुद्दाम आणि हिशेबाने आत घेतलेला, असं तो गिऱ्हाइकांना समजावून सांगतो. बाहेर पागोळ्या गळत असताना लोकांना ते चटकन पटतं. त्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला मान्सून्ड आवडली नाही. मातीची चव आहे म्हणाला, पण दोन्ही कपांचे पैसे न कुरकुरता दिले.

नॅचरलवर मात्र अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, जून ते सप्टेंबर ती ठेवायचीच नाही. तिचा वास इतका मोठा की बिघाड त्याच्या आड दडतो, आणि दडलेला बिघाडच धोक्याचा. त्याचं म्हणणं, पर्यटक तिच्याच मागे असतात. सध्या तडजोड अशी आहे की पावसाळ्यात नॅचरलचं एका वेळी एकच पाकीट फोडायचं, ते दोन आठवड्यांत संपवायचं, आणि भाजताना वजनाची घट नेहमीपेक्षा जास्त दिसली तर त्या दिवशी फळीवरून तिचा कप काढून घ्यायचा.